पावसकरांचं पिस्तूल

शस्त्र ही माणसाच्या स्वातंत्र्याची शेवटची हमी असते, असं सदाशिव पावसकर मला म्हणाले तेव्हा ते पाव किलो सुकट तोलत होते. सुकट बाजारातून तोलूनच आणलेली होती. पण बाजाराने तोललेलं पावसकरांनी कधीच तोललेलं धरलं नाही. स्प्रिंगच्या काट्याला पिशवी लटकवून, एक डोळा मिटून त्यांनी काटा स्थिर होऊ दिला आणि त्याच गंभीर आवाजात म्हणाले, "दोनशे बेचाळीस. तेही पिशवी धरून."

स्वातंत्र्याचा विषय तिथे आठ ग्रॅमसाठी मागे पडला.

पावसकर वजनमापे खात्यात निरीक्षक होते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या दुकानांचे काटे तपासण्यात त्यांची तेहेतीस वर्षं गेली. निवृत्त होऊन आता चौदा वर्षं झाली, पण ही बातमी त्यांच्या उजव्या हाताला अजून कोणी कळवलेली नाही. खांद्यावरच्या कापडी पिशवीत तो स्प्रिंगचा काटा कायम असतो, आणि समोर कुठलीही वस्तू आली की त्यांचा पहिला प्रश्न असतो, "भरते किती?" आमच्या आळीत गॅसचा सिलिंडर येतो तो आधी त्यांच्या पडवीत जातो, मग ज्याच्या त्याच्या घरी. तान्ही बाळंही झोळीत घालून त्यांच्याकडेच आणतात. ते बाळाच्या आईला शांतपणे विचारतात, "लंगोट धरून सांगू की निव्वळ?"

लग्नाच्या पत्रिकांबद्दल त्यांचा एक सिद्धांत आहे. पत्रिका शंभर ग्रॅमच्या वर गेली की त्या लग्नातलं जेवण वाईट असतं. मी हा सिद्धांत सात लग्नांत जेवून पाहिला आहे आणि तो अजून खोटा ठरलेला नाही. त्यांच्या निवृत्तीच्या समारंभात चार साहेबांची भाषणं झाली, कर्तव्यनिष्ठा हा शब्द प्रत्येकाने दोनदा वापरला, आणि शेवटी शाल-श्रीफळ हातात आल्यावर पावसकरांनी नारळ कानाशी हलवला, तळहातावर जोखला आणि माइकवरूनच म्हणाले, "पाणी आटलंय यातलं." आभाराचं भाषण म्हणून त्यांनी एवढंच केलं.

नाही म्हणायला एक बाजार त्यांच्या कक्षेबाहेर राहिला. आमच्याकडे मासळी वाट्याने विकतात. वाटा म्हणजे विकणाऱ्या बाईने फळीवर लावलेला ढीग, आणि ढिगाला कायद्यात माप नाही. मासळीवाल्या त्यांना बघून मुद्दाम हाक मारत. "या साहेब, तोला माझा वाटा. आणि काटा धरून दमलात की सांगा, मी तुम्हाला तोलते." पावसकर मान खाली घालून बोंबलांचा वाटा घेत आणि घरी येऊन तो तोलत. सूड म्हणून नव्हे. नुसतं कळावं म्हणून.

आता पिस्तुलाकडे येतो.

त्यांच्या पत्नीला, सुमनवहिनींना जाऊन दोन वर्षं झाली. एकुलती मुलगी माधुरी ठाण्याला असते. वडिलांनी घर बंद करून आपल्याकडे यावं म्हणून ती मागे लागली होती आणि पावसकर दर वेळी "बघू" म्हणत होते. मग मार्चमध्ये आमच्या आळीत चोरी झाली. भरदुपारी, माणसं जेवून आडवी झालेली असताना, दोन घरं पलीकडच्या परसातून एकाने तांब्याचा बंब उचलला आणि डोक्यावर घेऊन आळीतून सरळ चालत गेला. सगळ्या आळीत जागे होते ते एकटे पावसकर. त्यांनी पडवीतून त्याला विचारलं, "भरतो किती?"

चोर म्हणाला, "असेल बारा किलो."

पावसकरांनी पोलिसांना जबाबात हे सगळं प्रामाणिकपणे सांगितलं. वर एक दुरुस्तीही सुचवली. बंब साडेनऊच्या वर जाणार नाही, चोराचा अंदाज चुकलेला आहे.

माधुरीला हे कळायला एक दिवसही लागला नाही. तिचा फोन आला तेव्हा मी तिथेच बसलो होतो आणि फोनचा आवाज पडवीभर ऐकू येत होता. "बाबा, तुम्ही चोराशी गप्पा मारल्यात. उद्या तुमच्या घरातून तो टीव्ही नेताना तुम्ही त्याला काटा लावाल. मे महिन्यात मी येते. एक तर तुम्ही सामान बांधायचं, नाहीतर तुम्ही तिथे एकटे सुरक्षित आहात हे मला पटवून द्यायचं. तिसरं काही ऐकणार नाही."

फोन ठेवून पावसकर म्हणाले, "दोन पर्याय दिलेत तिने. दुसरा घेऊ."

दुसरा पर्याय म्हणजे पिस्तूल, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. मी म्हटलं, कुत्रा पाळा. ते म्हणाले, कुत्र्याचा खुराक रोज तोलावा लागेल. मी म्हटलं, आंब्याच्या बागांवर वानरांसाठी ठेवतात तशी ठासणीची बंदूक घ्या, स्वस्त पडेल. "मास्तर," ते म्हणाले, "ती ठासून होईपर्यंत चोर माझ्याकडे चहा पिऊन जाईल." पुढचे आठ दिवस त्यांनी माहिती काढण्यात घालवले. बाहेरच्या देशांतली पिस्तुलं त्यांनी किंमत ऐकूनच सोडली. देशी बनावटीचं, परवडण्यासारखं, सेमी-ऑटोमॅटिक, इथे येऊन त्यांचं मन स्थिरावलं.

"सेमी का?" मी विचारलं.

"पूर्ण ऑटोमॅटिक आपल्याला देत नाहीत. आणि मला नकोही आहे. माणसाचा थोडा हात लागला पाहिजे. काटे सगळे इलेक्ट्रॉनिक झाले आणि व्यापाऱ्याची लाज गेली, तुम्ही बघितलंत."

मी शाळेत मराठी शिकवायचो, त्यामुळे आळीतले अर्ज लिहायचं काम माझ्याकडे असतं. पण अर्जाआधी माल बघायचा हा त्यांचा नियम. म्हणून आम्ही सकाळच्या एसटीने कोल्हापूरला गेलो. दुकानदार गलेलठ्ठ आणि गोड बोलणारा होता. लायसन्स नसताना पिस्तूल दाखवता येतं, विकता येत नाही, हे त्याने आधीच सांगितलं, आणि रिकामं पिस्तूल लाल मखमलीवर ठेवून तो दोन पावलं मागे सरला. आता हे साहेब ते हातात घेऊन नेम धरतील, आरशात बघतील, असं त्याला वाटलं असणार. येणारे सगळे तेच करतात.

पावसकरांनी पिशवीतून काटा काढला, चापाभोवतीच्या कड्यात त्याचा आकडा अडकवला आणि पिस्तूल सुरमईसारखं उचललं.

"पत्रकात काय वजन दिलंय?"

दुकानदाराने छापील पत्रक बघून सांगितलं.

"वीस ग्रॅम कमी भरतंय."

"साहेब, पिस्तूल हाय हे. साखर न्हवं."

"ते मला दिसतंय. पत्रकातलं वजन आतल्या मॅगझिनसकट आहे की मॅगझिन सोडून? निव्वळ की ढोबळ, काहीच लिहिलेलं नाही."

"आवो, गोळी लागल्यावर समोरचा इचारतोय व्हय, वीस ग्रॅम कमी का म्हणून?"

"समोरच्याचा प्रश्न वेगळा. मी ग्राहक आहे."

दुकानात बंदूक दुरुस्तीला घेऊन आलेले एक बागाईतदार होते. ते हा संवाद ऐकून स्वतःच्या बंदुकीकडे संशयाने बघायला लागले. दुकानदाराने चहा मागवला. चहा पिऊन झाल्यावर पावसकर म्हणाले, माल चांगला आहे, पत्रक चुकीचं आहे. त्यांच्याकडून एखाद्या वस्तूला मिळालेलं, मी ऐकलेलं हे सर्वांत मोठं प्रशस्तिपत्र आहे.

परत येऊन कचेरीतून अर्ज आणला. नाव, वय, पत्ता इथपर्यंत पावसकर सरळ उतरले आणि मग एका रकान्यापाशी अडकले. शस्त्र कशासाठी हवे. जीवितास धोका असल्यास कोणाकडून. मी लिहिलं, "चोरांकडून." कचेरीतला कारकून सभ्य होता. त्याने कागद वाचून परत दिला. "साहेब, चोर सगळ्यांनाच आहेत. असा मोघम धोका नको. कोणीतरी खास तुमच्या जिवावर उठलेला दाखवा. काही पुरावा जोडा. नाहीतर हे काही पुढे जाईलसं वाटत नाही."

मला वाटलं पावसकर निराश होतील. ते बाहेर आले ते ताठ होऊन. "मास्तर, तेहेतीस वर्षं मी व्यापाऱ्यांचे काटे धरले. माझ्या जिवावर उठलेली माणसं या जिल्ह्यात जितकी आहेत तितकी पुढाऱ्यांच्या नसतील. तुम्ही फक्त यादी करा."

यादी अकरा नावांची झाली. नावं सांगताना त्यांचा आवाज चढत गेला. कोणी भर बाजारात शिव्या घातल्या होत्या, कोणी सायकलची हवा सोडली होती, एकाने तर नवस बोलला होता. मग आम्ही चौकशी सुरू केली. सात जण वारले होते. नवसवालाही त्यातच होता. तिघे मुलांकडे मुंबई-पुण्याला निघून गेले होते. तिघांपैकी एक नेमका त्या आठवड्यात रत्नागिरीला आला होता म्हणून आम्ही त्याला गाठलं, तर त्याने पावसकरांना वाकून नमस्कार केला आणि बायकोला हाक मारली, "अगो, बघ कोण आलंय. हे ते आपले मलेरियावाले साहेब."

त्या दिवशी घरी येईपर्यंत पावसकर एक शब्द बोलले नाहीत. त्यांना रत्नागिरीतून कोणी हलवू नये एवढ्यासाठी त्यांना एक शत्रू हवा होता, आणि आयुष्यभराची पुंजी म्हणून जपलेले शत्रू एकेक करून हातातून जात होते. पडवीत बसल्यावर हळूच म्हणाले, "मलेरिया."

यादीत एकच नाव उरलं. खेडचे गजाननशेट.

ही गोष्ट मी किमान चाळीस वेळा ऐकलेली आहे. तीस वर्षांपूर्वी पावसकरांनी खेडच्या बाजारात गजाननशेटच्या तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेला चिंचेचा गोळा पकडला. तो तिथल्या तिथे तोलला, बारा ग्रॅम भरला, लाखेचं सील करून कोर्टात हजर केला. शेटना दंड झाला. कोर्टाच्या पायरीवर शेट सगळ्यांदेखत ओरडले होते, "पावसकर, एक दिवस तुम्हाला जगबुडीत बुडवीन." जगबुडी ही खेडची नदी. हे वाक्य पावसकर जसंच्या तसं सांगत आणि सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर पदक मिळालेल्या माणसाचं तेज येई.

"धमकी अजून चालू आहे का, ते जाऊन बघू," ते म्हणाले. आम्ही सकाळच्या पॅसेंजरने खेडला गेलो.

दुकान आता सून चालवत होती. काटा इलेक्ट्रॉनिक होता. पावसकरांनी नजरेनेच त्याचा निषेध केला. शेट, वय एक्क्याऐंशी, कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते. त्यांच्यासमोर गिऱ्हाईक येत-जात होतं आणि त्यांच्याकडे कोणी बघत नव्हतं. पावसकर समोर जाऊन उभे राहिले. शेटनी चष्मा वर केला, खाली केला.

"पावसकर," शेट म्हणाले. "चिंच परत दिली नाहीत तुम्ही."

पावसकरांच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलेलं मला दिसलं. "कोर्टात जमा आहे ती," ते म्हणाले. "शेट, तुम्ही मला बुडवणार होतात."

"होय तर. म्हटलं होतं खरं." शेटनी चष्मा काढून पुसला. "राहूनच गेलं."

मी आमची अडचण सांगितली. मुलगी, ठाणे, पिस्तूल, रकाना. शेटनी सगळं एकदा ऐकलं, मग सुनेला बोलावून तिच्यादेखत पुन्हा एकदा ऐकलं. सून म्हणाली, "मामंजी, असलं काही लिहून देऊ नका हं." त्याबरोबर शेटनी दुकानाचं लेटरहेड मागवलं. गेल्या कित्येक वर्षांत त्यांच्या सहीवाचून कोणाचं काही अडलं नव्हतं, हे त्यांनी पेनाचं टोपण ज्या घाईने काढलं त्यावरून कळत होतं.

लेटरहेडवर श्री होतं, गणपती होता, खाली शुभ लाभ होतं. त्याखाली शेटनी वळणदार अक्षरात लिहिलं: "श्रीयुत सदाशिवराव पावसकर यांस सप्रेम नमस्कार, वि. वि. आपणांस जगबुडी नदीत बुडविण्याचा आमचा मानस पूर्ववत आहे. तरी आपल्या सोयीचा दिवस कळवावा. घरी सर्वांस यथायोग्य सांगणे. कळावे, लोभ असावा."

पावसकरांनी वाचलं आणि मान हलवली. "कमी भरतंय, शेट. अर्जात जीवितास धोका म्हटलंय. बुडवून काढणार की बुडवून सोडणार, ते स्पष्ट पाहिजे."

"सोडणार असं नाही लिहिणार. घाबरवण्याइतपत बुडवीन."

"त्याने पिस्तूल मिळत नाही."

"गळ्यापर्यंत बुडवीन. याच्या पुढे परवडत नाही मला."

"नाकापर्यंत करा."

घासाघीस बराच वेळ चालली. दोन्ही बाजूंना त्यात गोडी वाटायला लागली होती. मध्ये सुनेने विचारलं की एप्रिलमध्ये नदीला पाणी असतं कुठे. शेट म्हणाले, मगरी आहेत की. पावसकर म्हणाले, मगरींचा उल्लेख घ्या. शेवटी "नाकातोंडात पाणी जाईपर्यंत" यावर सौदा पटला आणि मगरी परिशिष्टात गेल्या. आम्ही तिथेच जेवलो. निघताना दोघांनी एकमेकांचे फोन नंबर घेतले, आणि शेट दुकानाच्या पायरीपर्यंत सोडायला आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला त्यांचा फोन. "पोचलात ना नीट? धमकी कचेरीत दिलीत का?" तिसऱ्या दिवशीही आठला. "काय म्हणतात कचेरीवाले? जोर कमी पडत असेल तर दुसरी लिहितो." मग रोज आठचा नेम झाला. पावसकर पावणेआठपासून फोनशेजारी बसत आणि फोन आला की कामात असल्यासारखे चौथ्या घंटीला उचलत.

एप्रिलअखेर चौकशीला हवालदार जाधव आले. पडवीत बसून त्यांनी पत्र दोनदा वाचलं.

"काका, शेवटी लोभ असावा लिहिलंय."

"ती पत्राची पद्धत आहे."

"धमकीच्या?"

"शेट जुन्या वळणाचे आहेत," मी म्हटलं.

"आणि बुडवणार असतील तर पिस्तूल कशाला? पोहायला शिका." मग जाधवांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि त्यांचा आवाज बदलला. "काका, मी खेडला फोन केला होता. तिथल्या आमच्या माणसाने जाऊन विचारलं. वैर कशाचं, तर म्हणाले चिंचेचं. बुडवणार का, तर छातीवर हात ठेवून म्हणाले, बुडवणार. आता हे खरं धरून मी वर पाठवलं, तर त्या माणसाला चौकीवर बोलवायला लागेल. जबाब, हमीपत्र, सगळं. एक्क्याऐंशी वय आहे त्यांचं. खोटं धरलं, तर खोटा कागद तुम्ही दिलात असं होतं. मी काय लिहू, ते तुम्हीच सांगा."

जाधवांनी पत्र पावसकरांसमोर ठेवलं.

"हा कागद अजून मी नोंदवलेला नाही," जाधव म्हणाले. "मी जरा आत जाऊन पाणी पितो."

ते पाणी प्यायला गेले आणि बराच वेळ पीत राहिले. माधुरी पंधरा दिवसांवर आली होती. पिस्तूल नाही म्हणजे ठाणं, हा हिशोब पावसकरांनी स्वतःच मान्य केलेला होता आणि दिलेल्या मापात ते कधी मागेपुढे करत नसत. त्यांनी शेटचं पत्र उचललं, नीट घडी घातली, सदऱ्याच्या खिशात ठेवलं. मग माझ्याकडून पेन मागून घेतलं. त्यांचे सगळे अर्ज मी लिहिलेत. हा एकच त्यांनी स्वतः लिहिला. "अर्जदारास कोणापासूनही धोका नाही. सबब अर्ज मागे घेत आहे." एवढ्या दोन ओळींना त्यांना माझ्या एका पानापेक्षा जास्त वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी आठला त्यांनी शेटना सांगितलं. शेट भडकले. आपण शब्दाला जागणारे आहोत, चौकीवर यायला भीत नाही, वगैरे. मग आवाज उतरवून त्यांनी विचारलं, "मग आता मी आठ वाजता काय करू?"

"करा की फोन," पावसकर म्हणाले. "मी इथे असेपर्यंत."

माधुरी मे महिन्यात ठरल्या दिवशी आली. पावसकरांनी भांडण केलं नाही. पिस्तूल मिळालं नाही असं सांगितलं आणि माळ्यावरची बॅग खाली काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला फोन वाजला तो माधुरीने उचलला. "कोण? गजाननशेट? हो, मी मुलगी. हो, आहेत, अंघोळीला गेलेत." मग ती बराच वेळ ऐकत राहिली. फोन ठेवून मला म्हणाली, "काका, हे कोण गृहस्थ? म्हणतात, रोज आठला पडताळून बघतो, नाही उचलला तर मास्तरांना पाठवतो."

"यांचे शत्रू आहेत," मी म्हटलं. "खेडचे."

मग आम्ही सामान आवरायला घेतलं. पावसकरांनी न्यायच्या वस्तू पलंगावर मांडल्या होत्या. चार सदरे, दोन धोतरं, औषधांचा डबा, सुमनवहिनींचा एक फोटो, आणि ज्यावर उभं राहून वजन करतात तसला एक जुना तबकडीचा काटा.

"हा कशाला बाबा? माझ्याकडे डिजिटल आहे."

"हाच हवा."

माधुरीने तो खाली ठेवला आणि सहज त्यावर उभी राहिली. "अठ्ठावन्न? मी परवाच केलंय. पंचावन्न आहे माझं. बाबा, हा तीन किलो जास्त दाखवतो."

"माहीत आहे," पावसकर म्हणाले आणि सदऱ्याची घडी घालत राहिले.

"तुमच्या घरात खोटा काटा?" ती हसली. हसता हसता काट्याच्या कडेचं शून्य जुळवायचं चाक तिला दिसलं आणि ती थांबली. उतरली नाही. तशीच उभी राहून म्हणाली, "आई दर रविवारी फोनवर सांगायची. वजन टिकून आहे हो माझं, डॉक्टर उगाच घाबरवतात. बाबांनी आत्ताच बघितलं."

पावसकरांनी घातलेली घडी मोडली आणि पुन्हा घालायला घेतली. "एकदम तीन नाही केलं," ते म्हणाले. "दर शनिवारी थोडं थोडं फिरवायचो. तेवढं बघितलं की ती रविवारी जेवायची बऱ्यापैकी."

मी खिडकीपाशी जाऊन आळीत बघण्यासारखं काही आहे का ते बघितलं. काही नव्हतं. मागे वळलो तेव्हा माधुरी काटा उचलून न्हाणीघराच्या दाराशी, जिथे तो इतकी वर्षं होता तिथे, ठेवत होती. मग तिने पलंगावरचे सदरे एकेक करून कपाटात परत लावले. म्हणाली, "पावसाळा होऊ दे. मग बघू." आणि माझ्याकडून गजाननशेटचा नंबर लिहून घेतला.

ती गेल्यावर दोन दिवसांनी मी पावसकरांना विचारलं, काट्यात फेरफार केला म्हणून तुम्ही जिल्ह्यातल्या किती माणसांना कोर्टात उभं केलंत.

त्यांनी पिशवीतला काटा काढून पुसला. मग म्हणाले, "तो कायदा व्यापारी काट्यांना आहे, मास्तर. घरगुती वापराच्या काट्यांना लागू होत नाही."

मी चौकशी केली. खरंच होत नाही.